कमरेला बांधलेली घंटा

मी वाघ पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते. मी मोहर्लीच्या जंगलाकडची आहे म्हटलं की समोरच्याचे डोळे मोठे होतात, आणि वर मी बहिरी आहे हे कळलं की त्याच्या डोक्यात एक गोष्ट आपोआप तयार होते. जंगल, बहिरी पोर, वाघ आणि शेवटी काहीतरी चमत्कार. तसलं काही झालेलं नाही. आमच्या गावच्या गायी वाघानं नेल्या, एकदा एक माणूसही नेला, पण मला त्यानं कधी तोंड दाखवलं नाही. माझं भांडण वाघाशी नव्हतंच. ते घरच्यांशी होतं आणि एका लाकडी घंटेवरून होतं.

घरात सगळे ऐकणारे. माय, बाबा आणि माझ्या पाठची बहीण. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, एरवी सरपण. त्या काळात कोण काय बोललं ते मी इथं लिहिते आहे, ते बहुतेक बहिणीनं मला पुढं सांगितलेलं आहे. ती आता हातांनी बोलते, आणि माझ्यापेक्षा भरभर बोलते. लहानपणी मात्र घरात माझ्याशी बोलायच्या खुणा मोजक्याच होत्या. जेव, झोप, इकडे ये, मार खाशील. यापलीकडे मला काही सांगावं किंवा विचारावं असं कुणाला वाटत नसे. गाव मला मुकी म्हणायचं. माझं खरं नाव फक्त रेशनकार्डावर राहत होतं.

आमच्याकडे बाया जंगलात एकट्या जात नाहीत. पाच-सहा जणी मिळून निघतात, आत गेल्यावर पांगतात आणि मधून मधून हाळी देतात. एक ओरडते, बाकीच्या आपापल्या जागेवरून ओ देतात. जिची ओ येत नाही तिला शोधायला हातातलं टाकून सगळ्या धावतात. ही आमची रीत आहे आणि चांगली रीत आहे, तिनं बऱ्याच जणींना वाचवलं आहे. पण मला हाळी ऐकू येणार नाही आणि ओ देता येणार नाही. घरी एकटी ठेवली तर मी मागून निघून येणार, तेवढे पाय मला लवकर फुटले होते. मग मायनं एक तोड काढली. गायीच्या गळ्यातली लाकडी घंटा दोरीनं माझ्या कमरेला बांधली.

मायला मी दोष देत नाही. भीती खरी होती. पण एक गोष्ट मला आजही हसवते आणि चिडवतेही. ती घंटा ज्या गायीची होती तिला वाघानं नेलं होतं. घंटा गळ्यात असतानाच नेलं होतं. गाय गेली, घंटा तेवढी झुडपात सापडली, आणि तीच घंटा माझ्या रक्षणाला आली. हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणाला खटकत नव्हतं.

सुरुवातीला मला ती आवडायची. मी चालले की ती मांडीवर आपटायची, टकटक करून हाडापर्यंत जायची. मला वाटायचं हा दागिना आहे. बहिणीला नाही, मला आहे. मी मुद्दाम कंबर हलवत चालायची. पोरं हसायची, मीही हसायची. ती आवाज करते, त्या आवाजावरून लोक माझा पत्ता लावतात आणि त्यामुळं माझ्याकडे बघायची त्यांना गरजच पडत नाही, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

गावच्या शाळेत मी वर्षभर मागच्या बाकावर बसले. गुरुजी भले होते, मला खडू द्यायचे. मी पाटीवर कोंबड्या काढायची. पुढं कुणीतरी बाबांना सांगितलं की चंद्रपूरला बहिऱ्या मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे आणि तिथं मुकी मुलं बोलायला लागतात. बाबांना तेवढंच हवं होतं. पोरगी बोलायला लागेल. ते मला एसटीत बसवून घेऊन गेले. बसस्टँडच्या गर्दीत मी हरवीन म्हणून मायनं घंटा तशीच राहू दिली होती.

तर मी शाळेच्या फाटकातून आत गेले ती कमरेची घंटा हलवत. अंगणात पोरी कपडे धूत होत्या. सगळ्यांचे हात थांबले. मग त्यातली एक मोठी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पुढं आली, माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, आणि मूठ कमरेला लावून दोनदा हलवली. बाकीच्या पोरींनीही तसंच केलं. मी घाबरले. संध्याकाळपर्यंत मला कळलं की ते माझं नाव आहे. मूठ कमरेपाशी, दोनदा हलवायची. म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी कळेल असं नाव ठेवलं होतं. घंटा मोठ्या पोरीनंच सोडली आणि बाबांच्या पिशवीत टाकून दिली.

त्या शाळेबद्दल मी गोडगोड लिहिणार नाही. वर्गात हातांना बंदी होती. बाईंचं म्हणणं, हात चालले की जीभ आळशी होते. म्हणून आम्ही हात मांडीखाली घेऊन बसायचं. बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरायच्या आणि 'प' म्हणायच्या, पट्टी उडायची. मग आमची पाळी. माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून घ्यायच्या, दुसरा माझ्या गळ्यावर. वर्षभर मी कागद उडवले. हात मांडीखालून निघाला की त्यावर पट्टी बसायची, आणि ही पट्टी कागदाची नसायची.

पण जेवायला बसलं की हात मोकळे. कपडे धुताना, केस विंचरताना, रांगेत उभं राहताना हातच हात. वर्गात ज्याचा एक शब्द कळला नाही ते मोठी पोरगी जेवताना दोन मिनिटांत समजावून द्यायची. तिला थोडं ऐकू यायचं, थोडं बोलताही यायचं, म्हणून ती बाईंची लाडकी होती आणि आमची मास्तरीण. भागाकार मी वरणभात खाता खाता शिकले. माणसं मरतात म्हणजे काय होतं, पोरींना दर महिन्याला काय होतं, वर्धा नदी कुठं जाते, चिमूरला इंग्रजांविरुद्ध काय पेटलं होतं, सगळं हातांनी शिकले. वाचायला लागले. मला राग येतो हेही तिथंच कळलं, कारण रागाला खूण मिळाली. त्याआधी मी नुसती हातपाय आपटणारी पोर होते.

पहिल्या उन्हाळ्यात घरी गेले. अंगणात शेजारपाजार जमला होता. बाबांनी मला मधे उभं केलं, पाण्याचा गडू दाखवला आणि हनुवटीला बोट लावलं. म्हण. मी म्हटलं, 'पाणी'. वर्षाची मेहनत होती ती. सगळे एकदम हसले. कुणी वाईट मनानं हसलं नसेल, पण माझा आवाज कसा निघतो ते मला माहीत नाही, त्यांना माहीत होतं. एका बाईनं तर पदर तोंडाला लावला. बाबाही हसले, पुन्हा गडू पुढं केला. पुन्हा म्हण. कुणी नवीन आलं की पुन्हा. त्या सुट्टीत मी पाणी किती वेळा म्हटलं देव जाणे. तहान लागल्यावर मात्र मी उठून स्वतःच घ्यायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी तोंड मिटलं. गडू आला, हनुवटीला बोट लागलं, मी ओठ घट्ट दाबले. तिसऱ्या उन्हाळ्यातही तेच. मला भागाकार येत होता. मला धडा वाचता येत होता. जे येत होतं ते कुणी विचारत नव्हतं. अंगणात मी कोळशानं लिहिलं, मला शाळा आवडते. बाबा चौथी शिकलेले, त्यांनी वाचलं, शेजाऱ्याला बोलावून दाखवलं, "अक्षर सुंदर आहे ना?" आणि मग पुन्हा गडू.

तेंदूचा हंगाम संपला त्या आठवड्यात बाबांनी फैसला केला.

"तीन साल झाले," ते मायला म्हणाले, "तोंडातून एक शब्द नाई. होता तोही गेला. बोलली तर पाठवतो, नाई तर बकऱ्या चारन."

"तिले समजाव ना," माय म्हणाली.

"कसं समजावू? कानात सांगू?"

शेवटी त्यांनी मला समजावलंच. गडू दाखवला, ओठांवर बोट ठेवलं, मग चंद्रपूरच्या दिशेनं हात केला. मग मान हलवून ओठ मिटले आणि बकरीची शिंगं करून दाखवली. मला लख्ख कळलं. माझ्याशी त्यांनी केलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं, आणि ते हातांनी केलं होतं. एक शब्द म्हणायचा होता. मला तो म्हणता येत होता. पण मी म्हटला नाही. ज्या दिवशी मी शाळेसाठी पाणी म्हटलं असतं, त्या दिवसापासून मी जन्मभर गडू बघून बोलणारी पोपटीण झाले असते. मला शाळा हवी होती, आणि ती मला मिटलेल्या तोंडानं हवी होती.

शाळा उघडायचा दिवस आला. माझी पेटी फळीवर तशीच होती. सकाळी माय आणि शेजारच्या बाया पावसाळ्याचं सरपण आणायला निघाल्या. मायनं घंटा आणली. मी आता अकरा वर्षांची होते आणि तिनं अजूनही ती माझ्या कमरेला बांधली. आमची गाय आणि तिचं वासरूही सोबत होतं, जंगलाच्या कडेला चरायला.

मी ठरवून काही आले नव्हते, असं म्हणायला बरं वाटेल, पण मी ठरवून आले होते. निघण्याआधी दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं लिहिलं होतं, मी शाळेत. अपंगांचा एसटीचा पास झग्याच्या खिशात घातला होता. बाया पांगल्या, वाकून काटक्या तोडायला लागल्या. मी दोरी सोडली, घंटा वासराच्या गळ्यात बांधली. वासरू शांत होतं, त्यानं एकदा मान झटकली आणि चरायला लागलं. मग मी पायवाटेनं रस्त्याकडे निघाले. मायच्या इतक्या जवळून गेले की तिच्या पाठीवरचा घाम दिसत होता. तिनं वर पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं, घंटा वाजत होती.

रस्त्यावर बसची वाट बघत उभी असताना जंगल सफारीच्या दोन जिप्सी गाड्या गेल्या. मागे बसलेले पाहुणे, गळ्यात कॅमेरे, आणि गाइडनं ओठांवर बोट ठेवलेलं. चूप, बोलू नका, वाघ बिथरतो. लांबून येऊन, पैसे भरून ही माणसं तास तासभर मुकी बसतात आणि खुणांनी बोलतात. त्यांना कुणी पाणी म्हण म्हणत नाही. मला तेव्हा हसू आलं, आणि एका पाहुण्यानं मी त्याच्याकडे बघून हसले असं समजून हात हलवला.

बस आली. कंडक्टरनं पास पाहिला, सोबत कोण म्हणून विचारलं असावं. मी मागच्या एका म्हातारीकडे बोट दाखवलं. म्हातारी झोपली होती.

इकडे जंगलात काय झालं ते मला बहिणीनं शंभरदा सांगितलं आहे, आणि अजूनही मी तिला सांगायला लावते. अर्ध्या सकाळी एका बाईनं मायला विचारलं, "अवं, तुयी मुकी कुठी आहे?"

"इथीच आहे ना," माय म्हणाली. "घंटी वाजून राह्यली, ऐकू नाई येत का?"

सरपणाचे भारे बांधून झाले. घंटा वाजत होती. बायांनी शिदोऱ्या सोडल्या. घंटा वाजत होती. मायनं माझी भाकर फडक्यात वेगळी ठेवली होती, ती द्यायला ती उठली, घंटेच्या मागे मागे झुडपात गेली, आणि वासरासमोर भाकर घेऊन उभी राहिली. ती किंचाळली तशी बायांना वाटलं वाघच आला. सगळ्या काठ्या घेऊन धावल्या, हाळ्यांवर हाळ्या दिल्या. गावातली माणसंही निघणार, तेवढ्यात बहिणीनं दाराआडचं लिहिलेलं पाहिलं. ती दुसरीत जायची होती. तिनं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. बाबांनी वासराच्या गळ्यातली घंटा सोडून पिशवीत टाकली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते चंद्रपूरला आले.

मी नळावर होते. पोरी अंगणात होत्या. बाबा फाटकातून आत आले, रात्रभर झोपले नव्हते हे डोळ्यांवरून कळत होतं. पोरींना माझ्याबद्दल काय आणि कसं विचारावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी पिशवीतून घंटा काढली, कमरेपाशी धरली आणि दोनदा हलवली. म्हणजे, जिच्या कमरेला ही होती ती कुठं आहे?

अंगणातल्या सगळ्या पोरींच्या मुठी कमरेला गेल्या. सगळ्यांनी दोनदा हलवल्या आणि सगळ्यांची बोटं नळाकडे वळली. बाबांना वाटलं पोरी आपली टर उडवतात. त्यांचं तोंड लाल झालं. तेवढ्यात मोठ्या पोरीनं मला ओढत आणलं आणि बाईही बाहेर आल्या.

"चाल घरी," बाबा म्हणाले. एवढं मी ओठांवरून वाचलं. त्यांनी माझा दंड धरला.

बाईंना वाटलं आता आपली अब्रू वाचवावी. त्या माझ्यापुढं वाकल्या, हनुवटीला बोट लावलं. म्हण, बाळा. 'बाबा' म्हण. मागे सगळी शाळा उभी होती. बाबा वाट बघत होते. मला माहीत होतं, आता तोंड उघडलं की सगळं सुटतं. दंड सुटतो, शाळा राहते, बाई खूश, बाबा खूश. मी बाबांच्या हातातून दंड सोडवला आणि बाईंच्या देखत, भर अंगणात, दोन्ही हात वर केले. मी इथं राहणार. मी शिकणार. मी बोलते आहे, हे बघा, मी केव्हाची बोलते आहे. तुम्ही कान लावून बसता. माझ्याकडे बघत नाही. घंटा वाजली की तुमचं काम झालं.

बाई पट्टी आणायला आत गेल्या नाहीत. बाबा नुसते माझ्या हातांकडे बघत होते. मोठी पोरगी मधे उभी राहिली आणि तिच्या अडखळत्या आवाजात एकेक वाक्य त्यांना सांगत गेली.

बाबांनी ऐकून घेतलं. मग तिला विचारलं, "हे हिचंच बोलणं आहे, का तू आपल्या मनानं सांगून राह्यली?"

"हिचंच आहे काका," ती म्हणाली. "मी एवढी भांडखोर नाई."

बाबा पायरीवर बसले. मग त्यांनी तिलाच विचारायला लावलं, "वासराच्या गळ्यात काऊन बांधली? फेकून द्यायची होती."

मी सांगितलं, फेकली असती तर आवाज थांबला असता, मग माय घाबरली असती.

हे ऐकून ते हसले. गडू धरून हसायचे तसे नाही. तोंडावर हात फिरवत, खाली बघत हसले. मग त्यांनी विचारलं, जेवायला काय असतं. मी सांगितलं. विचारलं, आंघोळीला पाणी गरम मिळतं का. मी सांगितलं, नाही. विचारलं, मारतात का. मी बाईंकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. मोठी पोरगी तेवढं वाक्य बोलायला थोडी घुटमळली, पण बोलली. अकरा वर्षांच्या पोरीची आणि तिच्या बापाची ती पहिली बातचीत होती, आणि मधे एक अर्धं ऐकणारी पोरगी होती. आज मी अशाच एका शाळेत शिकवते, हातांनी शिकवते. कुणाचे आईबाप आले की आधी त्यांच्यासाठी असं कुणीतरी मधे उभं करते आणि मगच त्यांना पोरापुढं बसवते.

बाबा उठले. घंटा पिशवीत टाकली आणि खुणेनं सांगितलं, वासराला होईल. चल म्हणाले नाहीत. दंड धरला नाही. मी वळून नळाकडे निघाले.

समोरून येणाऱ्या एका पोरीनं माझ्या मागे बोट दाखवलं. मी मान थोडी वळवून पाहिलं. बाबा फाटकाबाहेर उभे होते. पिशवी खांद्यावर होती, हात रिकामा होता. त्यांनी रिकामी मूठ कमरेला लावली आणि दोनदा हलवली.

बाप मला हाक मारत होता. मला कळेल अशी, पहिल्यांदाच.

मी न पाहिल्यासारखं केलं, नळ उघडला आणि डोळ्याच्या कडेनं बघत राहिले. हाक येऊनही न आल्यासारखं करायची सोय ऐकणाऱ्यांना जन्मापासून असते, मला ती त्या सकाळी पहिल्यांदा मिळाली होती. मारू दे म्हटलं आणखी एक हाक. त्यांनी मारली. मग मी वळले.